आधी हिशेब, मग आभार

दर वर्षी 31 डिसेंबरच्या आसपास ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मोबाइलवर एक मेसेज येतो. पाठवणारा बदलतो, पक्ष बदलतो, मजकूर साधारण तोच राहतो. सरत्या वर्षाला निरोप देताना मन भरून आलं आहे. आपलं प्रेम, आशीर्वाद आणि विश्वास हीच माझी खरी कमाई. आपल्या ऋणातून उतराई होणं मला शक्य नाही, व्हायचंही नाही. नवीन वर्ष आपल्या कुटुंबाला सुखसमृद्धीचं जावो. खाली हात जोडलेला फोटो, वर पक्षातल्या मोठ्या नेत्यांचे छोटे गोल फोटो आणि शेवटी 'आपलाच'.

आपण तो बघतो आणि पुढे सरकतो. ग्रुपवर दोन-चार जण हात जोडलेला इमोजी टाकतात. विषय संपतो.

मला या मेसेजची चेष्टा करायची नाही. ती सोपी आहे आणि मीम बनवणारी पोरं ती माझ्यापेक्षा चांगली करतात. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. लोकप्रतिनिधी जेव्हा लोकांचे आभार मानतो, तेव्हा नेमका काय व्यवहार होतो? कोणी कोणाला काय दिलेलं असतं? आणि आपण लोकप्रतिनिधीचे आभार मानतो, तेव्हा?

मजकुरातले शब्द नीट बघा. प्रेम, आशीर्वाद, कुटुंब, सेवा, ऋण. काही शब्द घरातून आलेत, काही देवळातून. कार्यालयातून आलेला एकही नाही. ठराव, निविदा, मुदत, खर्च, शिल्लक, राहिलेलं काम यांपैकी काहीच सापडत नाही. ज्या पदामुळे हा माणूस आपल्याला मेसेज पाठवतोय, त्या पदाच्या कामाचा एकही शब्द त्यात नसतो.

फराळाचा डबा आणि फ्लॅटची किल्ली

'आभार' या शब्दातच 'भार' आहे. समोरच्यावर बंधन नसताना त्याने आपल्याला काही दिलं की त्याचं ओझं वाटतं. शेजारच्या काकूंनी दिवाळीत फराळाचा डबा पाठवला, तर तो रिकामा परत करायला आपल्याला अवघड जातं. हा तो भार. उलट वाण्याने पाचशेच्या नोटेतले उरलेले पैसे परत दिले, तर आपण फार तर 'थँक्यू' म्हणतो. ओझं वाटत नाही, कारण ते पैसे आपलेच होते.

मत यांपैकी कशासारखं आहे? मत कोणाला द्यायचं याची सक्ती नसते, त्यामुळे उमेदवाराने आभार मानले तर त्यात गैर काही नाही. पण फराळ दिला की दिला, त्याचं पुढे काय झालं हे काकू विचारत नाहीत. मत तसं नसतं. ते किल्लीसारखं असतं. गणपतीत आपण आठ दिवस गावी जातो आणि शेजाऱ्याकडे फ्लॅटची किल्ली देतो. झाडांना पाणी घाला, कुरिअर आलं तर घेऊन ठेवा. परत आल्यावर शेजारी दारातच हात जोडून म्हणाला, "तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, मी तुमचा जन्मभर ऋणी आहे," तर आपण काय करू? आधी गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघू.

शेजारी कदाचित मनापासून बोलत असेल. त्याच्या भावनेवर शंका घ्यायचं कारण नाही. पण किल्ली घेतलेल्या माणसाकडून आपल्याला पहिल्यांदा हवी असते ती झाडांची बातमी. ती न देता त्याने नुसती कृतज्ञता व्यक्त केली, तर ती कितीही खरी असली तरी विषय बदलण्यासारखी होते.

आता उलटी दिशा बघा. चौकात बॅनर असतो: अमुक रस्त्याचं काँक्रिटीकरण केल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार, समस्त नागरिक. किंवा फलक असतो, अमक्या खासदारांच्या निधीतून. खासदार निधी वर्षाला 5 कोटी रुपयांचा असतो आणि तो केंद्राच्या तिजोरीतून येतो. खासदार काम सुचवतो, जिल्हा प्रशासन मंजुरी देऊन ते करून घेतं. सुचवणं हेही महत्त्वाचं काम आहे, कोणता रस्ता आधी हे ठरवायला डोकं लागतं. पण मराठीतली षष्ठी विभक्ती इथे मोठी करामत करते. 'खासदारांच्या निधीतून' म्हटलं की पैसे खासदारांचे वाटू लागतात. वाण्याने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांचा बघता बघता फराळाचा डबा होतो.

पद नव्हतं तेव्हाही मेसेज येत होते

आभार आणि काम यांचा संबंध किती सैल आहे, याचा पुरावा आपल्या शहरांनी नुकताच दिला आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक 2015 मध्ये झाली होती. त्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. ठाण्याची निवडणूक 2017 ची, मुदत मार्च 2022 मध्ये संपली. राज्यघटनेत 74 व्या दुरुस्तीने आलेलं कलम सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात आधी कोविड आला, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे कल्याण-डोंबिवलीत पाच वर्षांहून जास्त आणि ठाण्यात जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासक बघत होते.

या काळात शुभेच्छा थांबल्या होत्या का? उलट नावामागे दोन नवे शब्द आले, 'माजी' आणि 'भावी'. माजी नगरसेवक वर्षभराच्या प्रेमाबद्दल ऋणी होते. भावी नगरसेवक अजून न मिळालेल्या आशीर्वादाबद्दल ऋणी होते. 15 डिसेंबर 2025 ला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, तेव्हाही शुभेच्छांची जागा फक्त चौकातून मोबाइलवर सरकली.

यातल्या काहींनी पद नसतानाही खरंच कामं केली, हे मान्य करायला हवं. कोविडमध्ये बेड शोधून देणं, पाणी आलं नाही तर पालिकेत फोन करणं, टँकर आणणं. मुद्दा वेगळा आहे. त्या वर्षांत सभागृह भरत नव्हतं, स्थायी समिती नव्हती, निवडून आलेल्या कोणी अर्थसंकल्पावर प्रश्न विचारत नव्हतं. हिशेब मागायची जागाच बंद होती. आणि तरी आभाराच्या मजकुरात काही कमी पडलं नाही. एखादी गोष्ट काढून घेतल्यावरही मजकूर जसाच्या तसा राहत असेल, तर ती गोष्ट त्यात आधीही नव्हती असंच म्हणावं लागेल.

मुकुट कधी द्यायचा?

हा प्रश्न जुना आहे. लोकशाहीची सुरुवात जिथे झाली असं आपण शाळेत शिकतो, त्या अथेन्समध्ये यावर कायदा होता. तिथे बहुतेक पदं एका वर्षाची असत. वर्ष संपलं की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागे. आधी पैशांचा, मग वर्तनाचा. तो मंजूर होईपर्यंत त्याला शहर सोडून जाता येत नसे. आणि नियम असा होता की हिशेब मंजूर होण्याआधी त्या अधिकाऱ्याला मुकुट द्यायचा नाही. मुकुट म्हणजे शहराने जाहीरपणे मानलेले आभार.

डेमॉस्थेनिस हा अथेन्सचा सगळ्यात गाजलेला वक्ता. शहराच्या तटबंदीच्या दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. सरकारी पैसा होता, शिवाय त्याने पदरचे पैसेही घातले. टेसिफोन नावाच्या त्याच्या समर्थकाने प्रस्ताव मांडला की याला सोन्याचा मुकुट द्या. एस्किनीस हा डेमॉस्थेनिसचा कट्टर विरोधक. त्याने प्रस्तावाला कोर्टात आव्हान दिलं: हिशेब अजून दिलेला नाही, मग मुकुट कसा? इसवी सनपूर्व 330 मध्ये खटला चालला.

एस्किनीसचा एक युक्तिवाद मला फार आवडतो. हा नियम का केला, हे तो सांगतो. पूर्वी अधिकारी आधी मुकुट मिळवायचे आणि नंतर हिशेब द्यायचे. तोवर न्यायाधीशांची पंचाईत झालेली असायची. ज्याला याच वर्षी याच शहराने सोन्याचा मुकुट घातला, त्यालाच आता चोर कसं ठरवायचं? लाजेने लोक सोडून द्यायचे. आभार आधी मानले की प्रश्न विचारण्याची तोंडं बंद होतात, हे त्या लोकांना अनुभवातून कळलं होतं.

डेमॉस्थेनिसचं उत्तरही आजचं वाटतं. सरकारी पैशाचा हिशेब मी देईन, पण मी स्वतःच्या खिशातून जे दिलं त्याचा हिशेब कोण मागणार? ती भेट आहे आणि मुकुट त्या भेटीसाठी आहे. आपल्याकडच्या बॅनरवर 'स्वखर्चाने' हा शब्द ठळक का असतो, याचं उत्तर इथे मिळतं. पदाचा पैसा आणि खिशातला पैसा एकाच कामात मिसळला की आभार कशाचे आणि हिशेब कशाचा, हे वेगळं करता येत नाही.

खटल्यात एस्किनीस हरला. त्याला एक पंचमांश मतंही पडली नाहीत आणि तो शहर सोडून गेला. लोकांचं डेमॉस्थेनिसवर प्रेम होतं. नियमातला मुद्दा मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही. आभार आणि हिशेब यांत क्रम असतो, आणि तो उलटा झाला की दोन्ही बिघडतात.

ठाण्याच्या खासदाराचा अहवाल

यासाठी अथेन्सलाच जायला हवं असं नाही. रामभाऊ म्हाळगी 1977 आणि 1980 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हाच्या ठाणे मतदारसंघात कल्याणही होतं, कल्याणचा वेगळा मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून आहे. म्हाळगी आधी जनसंघाचे आणि पुढे भाजपचे. मार्च 1982 मध्ये त्यांचं निधन झालं. आपण वर्षभरात काय केलं याचा लेखी कार्यअहवाल मतदारांपुढे ठेवायची त्यांची पद्धत होती. तीच पद्धत राम नाईकांनी आमदार, खासदार म्हणून चालवली आणि उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाल्यावरही दर वर्षी अहवाल काढला. राज्यपालाला मतदार नसतात, पुन्हा निवडून यायचं नसतं. तरी अहवाल काढला, म्हणून ते उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

या दोघांचं राजकारण पटतं की नाही, हा इथे मुद्दा नाही. अहवाल हा प्रकार पक्षाचा नसतो. अहवालाचा फायदा असा की त्याच्याशी वाद घालता येतो. 'मी आपला ऋणी आहे' या वाक्याशी वाद कसा घालणार? 'मी अमुक प्रश्न विचारला, अमुक पत्र लिहिलं' या वाक्यावर कोणीही म्हणू शकतं, साहेब, त्या पत्राचं पुढे काय झालं?

पण अहवालही बिघडू शकतो. आज अनेकांचे कार्यअहवाल निघतात. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पानापानावर उद्घाटनं. झालेल्या कामांची यादी आणि न झालेल्या कामांबद्दल एक ओळ नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन व्हर्जन बाहेर पडलं की त्यासोबत रिलीज नोट्स जातात. त्यात साधारण तीन भाग असतात: नवीन काय, दुरुस्त काय केलं आणि 'नोन इश्यूज', म्हणजे आम्हाला माहीत असलेल्या पण अजून न सुटलेल्या अडचणी. अनुभवी ग्राहक तिसरा भाग आधी वाचतो. तो भाग रिकामा असेल, तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे असं तो समजत नाही. आपल्यापासून काहीतरी लपवलंय, असं समजतो.

2025 च्या वर्षअखेरीचा विचार करा. 9 जूनच्या सकाळी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. ही ओळ आपल्या भागातल्या कुठल्याही लोकप्रतिनिधीच्या वर्षाच्या सिंहावलोकनात पहिल्या पानावर यायला हवी. याचा अर्थ तो अपघात त्यांनी घडवला असा नाही. रेल्वे नगरसेवकाच्या हातात नसते, आमदाराच्याही नसते. पण सिंहावलोकन म्हणजे मागे वळून बघणं. कसारा-कर्जतपासून ठाण्यापर्यंतची माणसं रोज ज्या दारात लटकून जातात, ते दार मागे वळून बघितल्यावर दिसत नसेल, तर बघणाऱ्याची मान पूर्ण वळलेली नाही.

इथे नेत्यांच्या बाजूने एक गोष्ट म्हणायला हवी. 'हे मला जमलं नाही' असं एखाद्याने खरंच लिहिलं, तर काय होईल? पाच मिनिटांत स्क्रीनशॉट फिरेल, त्यावर लाल गोल काढला जाईल आणि विरोधक पुढची पाच वर्षं तो वापरतील. न सांगितलेलं अपयश आपण विसरतो, सांगितलेल्याची मात्र शिक्षा देतो. मग कोण सांगेल? 'नोन इश्यूज'चं पान कोरं राहतं, यात वाचणाऱ्यांचाही वाटा आहे.

"मानले आभार तर बिघडलं काय?"

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावर वाद झाला. गेटबाहेरच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले होते आणि आभाराचा बॅनर लावावा, असा विषय निघाला. एकाने लिहिलं, टॅक्स भरतो आपण, आभार कसले? त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फोन न करता थेट खाली बोलावलं आणि आम्हा तीन-चार पोरांना समजावलं. काका चाळीस वर्षं डोंबिवलीत आहेत.

"अरे, टॅक्स पलीकडची गल्लीही भरते. तिथे बसले का ब्लॉक?"

"नाही बसले, काका."

"मग? आपल्याकडे बसले कारण कोणीतरी चार वेळा पाठपुरावा केला. आभार मानले तर पुढच्या वेळी फोन उचलतो माणूस. बॅनरला खर्च किती येतो? मानले आभार तर बिघडलं काय?"

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सुट्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, पदापलीकडची माणुसकी. रात्री दोन वाजता कोणी अॅम्ब्युलन्स मिळवून देतं, हॉस्पिटलच्या बिलासाठी शब्द टाकतं, स्मशानात शेवटपर्यंत थांबतं. हे कोणत्याही कायद्यात नगरसेवकाचं काम म्हणून लिहिलेलं नाही. रोमन विचारवंत सेनेकाने उपकार या विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो, गुलाम मालकावर उपकार करू शकतो का? त्याच्या काळात उत्तर सरळ 'नाही' असं होतं, कारण गुलाम जे करतो ते त्याला करावंच लागतं. सेनेका म्हणतो, करू शकतो. जितकं करणं भाग आहे त्यापलीकडे जे मनाने केलं, तो उपकार. हा निकष सेवकालाही लागू पडतो, आणि आपण त्यांना नगरसेवक म्हणतो. नेमलेल्या कामापलीकडे जाऊन केलं असेल, तर आभार मानावेत आणि मनापासून मानावेत. तिथे टॅक्सचा मुद्दा काढणं कोतेपणाचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती पलीकडची गल्ली. काकांनी ती सहज बोलून दाखवली, पण माझ्या मते सगळा प्रश्न त्या गल्लीत आहे. जे सगळ्यांना मिळायला हवं ते ओळखीने मिळू लागलं, की त्याची किंमत आभार मानणारा देत नाही. ती देतो ज्याची ओळख नाही तो. भाड्याने राहणारं कुटुंब, ज्यांचं नाव अजून गावाकडच्या मतदार यादीत आहे. चाळीत नव्याने आलेला माणूस. एकटी राहणारी म्हातारी बाई, जिच्या मोबाइलवर कुठलाच ग्रुप नाही. आपण गेटवर बॅनर लावतो, तेव्हा आपण फक्त 'धन्यवाद' म्हणत नसतो. ब्लॉक असेच वाटायचे असतात, या पद्धतीलाही होकार देत असतो. आणि पुढच्या वेळी आपला फोन उचलला गेला नाही, तर तक्रार करायला तोंड राहत नाही, कारण तो फोन उचलणं ही मेहेरबानी आहे हे आपणच बॅनरवर छापून दिलेलं असतं.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हा धोका सांगितला होता. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्यांबद्दल कृतज्ञ असण्यात चूक नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असं ते म्हणाले. डॅनियल ओकॉनेल या आयरिश नेत्याचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं की स्वाभिमान किंवा स्वातंत्र्य गहाण टाकून कोणी कृतज्ञ होऊ नये. ते मोठ्या नेत्यांबद्दल, देशाबद्दल बोलत होते. गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकला इतका मोठा दाखला कशाला, असं वाटेल. पण सवय गल्लीतच लागते. जो माणूस गटार साफ झाल्याबद्दल झुकायला शिकतो, त्याला पुढे कोणासमोर ताठ उभं राहणं अवघड जातं.

या डिसेंबरमध्ये

मग करायचं काय? उद्धटपणा करायचा नाही. कोणी आभार मानले तर 'हिशेब दे' म्हणून अंगावर जाणं मला शोभणारं वाटत नाही, उपयोगाचंही नाही. फक्त क्रम लावायचा.

महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, त्यांच्यासमोर बसायचं, त्यांचं ऐकायचं, हे त्यात नगरसेवकाचं कर्तव्य म्हणून येतं. तुम्ही अशी सभा कधी पाहिली आहे का? मी वाढदिवसाचे केक पाहिलेत, दहीहंड्या पाहिल्यात, हळदीकुंकू पाहिलंय. क्षेत्रसभा पाहिलेली नाही. हिशेब मागायची जागा कायद्यात आहे, ती वापरात आणायची आहे.

यावेळी आणखी एक पेच आहे. कल्याण-डोंबिवलीत 122 जागा 31 प्रभागांत वाटल्या आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. 2015 मध्ये एका प्रभागाला एक होता. आता रस्ता झाला तर चार जण फलकावर येतील, आणि पाणी आलं नाही तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकेल. आभार चौघांना पुरून उरतात, जबाबदारी चौघांत विरघळते. म्हणून प्रश्न चौघांनाही एकाच वेळी आणि लेखी विचारावा लागेल.

डिसेंबर 2026 मध्ये पुन्हा मेसेज येईल. कल्याण-डोंबिवलीत 2019 नंतर पहिल्यांदाच त्यामागे खरं पद असेल, सभागृह असेल, पूर्ण वर्षाचा कारभार असेल. मन भरून आलं आहे, असं त्यात असेलच. इमोजी टाकायला हरकत नाही, मीही टाकीन. त्याखाली एक ओळ लिहायची: 'धन्यवाद. यंदा काय राहिलं आणि का राहिलं, तेही कळवा.' उत्तर आलं, तर ते पलीकडच्या गल्लीतल्या ग्रुपवरही पाठवायचं.